हरणाला तिकडे योर्ट म्हणतात

दादा, आपल्या गल्लीला आता रविवारी दुपारची झोप मिळते. समोरच्या मेश्रामकाकूंनीच परवा सांगितलं. म्हणाल्या, “सुमनताई, खोटं काहून सांगू, तुमच्या दादाच्या नावानं मी लय बोटं मोडली. रविवारी जेवून जरा आंग टाकलं की यायचं वरडणं सुरू. आता शांत हाये, तं झोपच येत नाई वं माय.” एवढं बोलून त्या पदराने डोळे पुसायला लागल्या आणि मीच उठून त्यांना पाणी आणून दिलं. मयत माझ्या घरची आणि समजूत मी त्यांची काढते आहे. तुला हे फार आवडलं असतं.

झोप मलाही येत नाही. तू गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तर मी वेळ झाली तशी माडीवरून उतरून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिले, तुला ओरडायला. ‘दादा, हळू. पलीकडच्याला फोनवरून ऐकू येते, इथून डेन्मार्कपर्यंत बोंबलायची गरज नाई.’ वाक्य ओठांवर तयार होतं. खाली खोलीत फक्त कूलर चालू होता, तोही रिकाम्या पलंगावर वारा मारत. मी तो बंद केला, मग वाटलं असू दे, आणि परत चालू केला.

ज्यांनी नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा हर्रास ऐकला आहे त्यांनाच तुझ्या आवाजाची कल्पना येईल. हर्रास म्हणजे लिलाव. अडत्याच्या पेढीवर तू आयुष्यभर बोली पुकारलीस. संत्र्यांच्या ढिगाऱ्यांमधून चालत जायचास, हात वर करायचास, आणि ‘एक वार, दोन वार’ असा तुझा आवाज टिनाच्या छपराला जाऊन लागायचा. शेतकरी म्हणायचे, बोली या माणसाकडे द्या, हा झोपलेल्या व्यापाऱ्यालाही उठवून भाव मागतो. बाजारात ठीक होतं रे. पण घरी मीठ मागतानाही तू तसाच मागायचास, आणि वहिनी बिचारी हयातभर ‘हो, आणते, आणते’ करत धावत राहिली.

अशा माणसाने म्हातारपणी डॅनिश भाषा शिकायला घ्यावी, हा निव्वळ विनोद होता. मी त्या भाषेचं एक अक्षर शिकले नाही, पण ऐकून ऐकून एवढं कळलं की डॅनिश लोक शब्द बोलत नाहीत, गिळतात. अर्धी अक्षरं लिहायची आणि म्हणायचीच नाहीत, उरलेली घशात ठेवायची. आणि तू प्रत्येक अक्षराला छपरापर्यंत पोचवणारा. तुझी लेक प्रज्ञा तिकडून म्हणायची, “बाबा, तुमचं डॅनिश ऐकून माझे सासरे म्हणतात, आमची भाषा इतकी स्पष्ट आम्हीच कधी ऐकली नव्हती.” तुला ते कौतुकच वाटलं. मी सांगितलं की ती थट्टा आहे, तर म्हणालास, “असू दे. थट्टा तं थट्टा, समजलं तं खरं त्यायले.”

पण ते सुरू कसं झालं हे मला कोणी विचारलं तर मला हसू येत नाही. ती दुपार मी विसरलेली नाही. तुझी लेक तिकडेच नोकरीला लागली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, आल्मा झाली. आल्मा लहान होती तेव्हा प्रज्ञा तिच्याशी मराठीत बोलायची, अंगाईसुद्धा म्हणायची. मग पोरगी बालवाडीत गेली आणि डॅनिश होऊन घरी आली. मराठी तिला समजायची. एखादा शब्द द्यायची, ‘पाणी’, ‘नाही’, ‘आंबा’. अख्खं वाक्य ती आपल्याशी कधी बोलली नाही. त्या दुपारी तिने फोनवर तुला एक लाकडी हरीण दाखवलं आणि उत्साहाने काहीतरी सांगायला लागली. लांबलचक गोष्ट होती. कुठेतरी जाऊन आली असावी, काहीतरी पाहिलं असावं. तू ‘हो हो, अरे वा, अरे वा’ करत राहिलास. पोर मध्येच थांबली. तुला कळत नाहीये हे तिला कळलं. तिने फोन तसाच जमिनीवर ठेवला आणि निघून गेली. मग आपण दोघं बहीणभाऊ तिच्या घराचं पांढरं छत पाहत बसलो. मी म्हटलं, बंद कर आता. तू केला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माडीवर आलास, तेही गुडघे धरत. दारातूनच म्हणालास, “सुमे, हरणाले तिकडे हजोर्ट म्हणतात.”

मी म्हटलं, “चहा घे.”

आठवडाभर गल्लीने ‘हजोर्ट’ ऐकलं. मग प्रज्ञाने हसत सांगितलं की बाबा, तो ह लिहायचा फक्त, म्हणायचा नाही. हरणाला योर्ट म्हणतात. तू खट्टू झालास का? छे. तू भडकलास. “म्हणायचा नाई तं ठेवला काहून?” मी मराठी आणि संस्कृत शिकवण्यात जन्म घालवला, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण मग तूच चौकशी करत गेलास आणि रोज एक नवी खबर वर आणू लागलास. नॉर्वेतही योर्ट, स्वीडनमध्येही योर्टच, फक्त हेल निराळा. दूर आइसलँडात थोडा लांबवून म्हणतात, आणि तिथे मुलाचं नावसुद्धा ठेवतात ते. “म्हणजे पाय सुमे, तिकडे पोराले आवाज देतात, अरे हरणा, जेवाले ये!” तुझा आनंद इतका होता की मी तुला हेल चुकला म्हणून टोकलं नाही. खरं तर टोकायला मला तो हेल माहीतच नव्हता.

मग तू तो खेळ काढलास. मी त्याला वेडेपणा म्हणायची. रविवारी दुपारी आल्माला फोन लावायचा आणि तिच्यासमोर शब्दाचा हर्रास मांडायचा. तू एक डॅनिश शब्द पुकारायचास, हात वर करून, अगदी कळमन्यासारखा: “योर्ट! योर्ट! एक वार!” तिने तिसरा वार पडायच्या आत मराठी शब्दाची बोली द्यायची. “हरीण!” मग तू डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटायचास, “गेला! माल आल्माले गेला!” मग तिची पाळी. ती मराठी शब्द पुकारायची आणि तू डॅनिश शोधत घामाघूम व्हायचास. कोणालाच नाही आलं तर तिसरा वार पडायचा आणि तू म्हणायचास, “परत पोत्यात!” शब्द त्या दिवसापुरता पोत्यात जायचा. आल्माला हे भलतंच आवडायचं. आणि पोत्यात गेलेला शब्द तिला कधीच सहन व्हायचा नाही, आठवडाभर आईला छळून ती तो शोधून आणायची.

तू मला किती वेळा बोलावलंस. “ये न वं सुमे, तूही बोली लाव.” मी म्हणायची, भाषा ही काय संत्री आहेत? आणि वर निघून जायची. जिन्यावर मात्र बसायची, हे तुला माहीत होतं. कारण एकदा तू मुद्दाम खालूनच ओरडलास, “प्रज्ञे, आत्याले तिकडे काय म्हणतात?” प्रज्ञा म्हणाली, “फास्टर.” आणि तू जिन्याकडे तोंड करून म्हणालास, “घे! नाव फास्टर, अन् जिना उतराले अर्धा तास!” आल्माला विनोद कळला नाही, तरी तू हसतोस म्हणून ती हसली. मी रागाने उठून आत गेले आणि तिथे हसले.

मागच्या हिवाळ्यात ते तिघं आले होते तेव्हाचं आठवतं? आपण आल्माला महाराजबागेत प्राणी पाहायला नेलं. हरणांच्या कुंपणापाशी तू उभा राहिलास आणि राहवलं नाही तुला. “योर्ट!” म्हणून अशी आरोळी दिलीस की सगळी चितळं एकदम मान वर करून तुझ्याकडे पाहायला लागली. शेंगदाणेवालाही पाहायला लागला. आल्मा लाजून लाल झाली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “मॉर्फार, श्शू!” मॉर्फार म्हणजे आईचे बाबा. तुला हा शब्द योर्टपेक्षाही आवडायचा. तू म्हणायचास, आपण नुसतं आजोबा म्हणतो, कोणाकडचे ते कळत नाही. हे लोक एका शब्दात नातं मांडून मोकळे होतात. त्यावरही आपण भांडलो होतो. आपण कशावर भांडलो नाही?

पण आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलं, दादा. ते मला डाचतं.

तू नवी खबर आणली होतीस. योर्ट हा शब्द आहेच, पण तिकडच्या भाषांत आणखी एक शब्द आहे, ड्यूर. ड्यूर म्हणजे प्राणी, कोणताही. कुत्रा ड्यूर, हत्ती ड्यूर. स्वीडिश लोक त्यातला ड गिळून नुसतं यूर म्हणतात. पण हरणांच्या कितीतरी जातींची नावं त्याच शब्दाने संपतात. बर्फातलं ते शिंगाळं रेन्सड्यूर, जंगलातलं छोटं रॉड्यूर. आणि जिथे हरणं मोकळी सोडलेली असतात त्या रानाला ते म्हणतात ड्यूरहावे. म्हणजे अक्षरशः प्राण्यांची बाग, पण अर्थ हरणांची बाग. आल्मा त्या दुपारी जी गोष्ट सांगत होती ना, ती अशाच बागेची होती, हे तुला फार उशिरा कळलं. आणि इंग्रजीत तर त्याच मुळातला शब्द हरणापुरताच उरला, डिअर म्हणून.

मी म्हटलं, यात नवल काय? आपल्याकडे मृग शब्दाचं तेच झालं. जुन्या संस्कृतात मृग म्हणजे कोणताही रानातला प्राणी. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग. पुढे तो हरणावर येऊन थांबला. तू खुर्चीतून उठलासच. “म्हणजे आपला मृगदाव अन् त्यायचं ड्यूरहावे एकच!”

आपल्या विहाराच्या दारावर धम्मचक्राच्या दोन बाजूंना दोन हरणं बसलेली आहेत. लहानपणी तू त्यांना बकऱ्या म्हणायचास आणि माय तुला चापट मारायची. माय सांगायची, हा मृगदाव आहे, सारनाथचा, इथे बुद्धाने पहिल्यांदा धम्म सांगितला आणि हरणं ऐकायला बसली. तुझ्या डोळ्यांसमोर तेच दार आलं असणार. नागपूरच्या विहाराच्या दारापासून डेन्मार्कच्या बागेपर्यंत तू एका दमात पोचलास.

आणि मी तुला थांबवलं. माझा स्वभावच तो. मी म्हटलं, शब्द एकच नाहीत. मृग शब्द माग काढण्यावरून, शिकारीवरून आला. मृगया म्हणजे शिकार. ड्यूर शब्दाचा मूळ अर्थ, जाणकार म्हणतात, बहुधा श्वास घेणारा. त्यांनी हरणाला त्याच्या श्वासावरून नाव दिलं, आपण आपल्या बाणावरून. सारखं काय त्यात?

तू परत खुर्चीत टेकलास. मग म्हणालास, “नाव शिकाऱ्यानं ठेवलं असन. पण बुद्धानं पहिला उपदेश कुठी देल्ला? जिथं हरणाले कोणी मारत नोयतं तिथीच न? मंग नाव कोणीबी ठेवो. राहाले जागा कोणी देल्ली, ते पाय.”

दादा, आता कबूल करायला काय जातं, मला ते बोलणं फार आवडलं होतं. पण मी म्हटलं, “उद्या सांगते.” आणि वर गेले. उत्तर सुचायला संध्याकाळ झाली. श्वासावरून आलेला शब्द आपल्याकडेही आहे की! प्राणी. ज्याच्यात प्राण आहे तो. आपणही नाव श्वासावरूनच ठेवलं, फक्त ते एकट्या हरणाला न देता सगळ्यांना दिलं. म्हणजे तुझं बरोबर होतं आणि माझंही, आणि दोन्ही भाषा हिंडून फिरून एकाच ठिकाणी येत होत्या. हे तुला सांगायला मी सकाळी जरा लवकरच चहा केला. खाली आले तेव्हा तू पलंगावर होतास, चेहरा भिंतीकडे, आणि मी चहाचा कप हातात धरून तुझ्या छातीकडे पाहत उभी राहिले. त्या क्षणी मला जगातला एकच शब्द आठवत होता आणि तो मी तुला सांगू शकत नव्हते.

आज सांगितला. झालं माझं उत्तर. आता तू गप्प आहेस म्हणून मी जिंकले असं मी समजणार नाही.

खरी भीती मला त्यानंतर लागली. प्रज्ञाचा फोन आला, ती रडली, मी रडले. मग मी म्हटलं, आल्माला दे. प्रज्ञा म्हणाली, “आत्या, ती फोनपाशी येतच नाही. म्हणते, मॉर्फार नाही तर फोन कशाला?” बरोबरच होतं पोरीचं. आपल्या सगळ्या गोतावळ्यात तिच्या भाषेत शिरून तिला हाताला धरून बाहेर आणणारा तू एकटा होतास. आम्ही बाकीचे तिला ‘क्यूट’ म्हणायचो आणि चॉकलेट द्यायचो. तू गेलास आणि ते दार आपोआप बंद झालं. मला वाटलं, ही मुलगी आता मोठी होईल, आणि नागपूर म्हणजे तिला आईच्या बोलण्यातलं एक गरम गाव उरेल. तुझं जाणं मी सोसेन, मी मास्तरीण आहे, कितीतरी वर्गांना निरोप दिला आहे. पण तुझ्याबरोबर तीही जाईल, हे मला सोसवत नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, विहारातल्या शोकसभेला, ते तिघं आले. आल्मा दिवसभर प्रज्ञाच्या ओढणीत तोंड खुपसून होती. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती पाहुण्यासारखी हसली, आणि त्या हसण्याने मला रडण्यापेक्षा जास्त लागलं. विहारात माणसं मावत नव्हती. कळमन्याची पेढीची पेढी आली होती, हमाल, अडते, काटोलकडचे संत्र्याचे शेतकरीसुद्धा. त्रिशरण-पंचशील झालं. मग लोक उठून तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या जोडीला बोली पुकारणारे गजाननभाऊ म्हणाले, “या माणसानं आमच्या मालाले आवाज देल्ला.” आणि एवढं बोलून खाली बसले.

भंतेजींनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचं आहे? कोणी उठलं नाही. आणि मग आल्मा उठली.

प्रज्ञाने तिला धरायचा प्रयत्न केला, ती निसटली. तुझ्या फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. माइक तिच्या उंचीचा नव्हता, तिला तो लागलाही नाही. तिने उजवा हात वर केला आणि तुझ्यासारखी आरोळी दिली.

“मॉर्फार! मॉर्फार! एक वार!”

सगळं विहार चपापलं. मागून कोणीतरी कुजबुजलं, “काय म्हणून राहिली वं ही पोरगी?” पण कळमन्याची माणसं ताठ झाली होती. हाताची ती ठेवण ते ओळखत होते. गजाननभाऊ तर सवयीने अर्धे उठलेही. फक्त माल कोणता आणि बोली कशाची, हे त्यांना कळत नव्हतं.

“मॉर्फार! दोन वार!”

हात वर तसाच होता. तिसरा वार तिच्या तोंडातून निघेना, आणि मला कळलं का ते. तिसरा पडला की शब्द पोत्यात जाणार. ती तुला घेऊन आली होती, दादा, इतक्या दुरून, आमच्यात कोणी घेणारा आहे का ते पाहायला. तुझा खेळ ओळखून मराठीत बोली लावू शकणारी त्या सभेत दोनच माणसं होती. एक तिची आई, ती तोंडावर हात दाबून रडत होती. दुसरी मी, जिने कधी बोली लावली नव्हती.

मी उठले. गुडघा वाजला. आणि मी बोलले नाही, ओरडले. शाळेत एवढ्या वर्षांत कधी ओरडले नसेन इतक्याने ओरडले.

“आजोबा!”

आल्माने माझ्याकडे पाहिलं. पण तू तिला चांगलं शिकवलं होतंस, पहिल्या बोलीवर माल सोडायचा नाही. तिची नजर सभेवरून फिरली. आणि गजाननभाऊंना उमजलं. मागून त्यांचा आवाज आला, “आबा!” मग एक शेतकरी म्हणाला, “आबाजी!” मेश्रामकाकू म्हणाल्या, “नाना! आम्ही नानाच म्हणतो!” कोणी ‘बाबाजी’, कोणी ‘अप्पा’, कोणी ‘दादाजी’. विहारात एकदम बोली चढायला लागली, लोक रडत होते आणि बोली लावत होते. भंतेजी आधी गोंधळले आणि मग चक्क हसले. आल्मा इकडून तिकडे पाहत होती. नागपुरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, पाहुण्यासारखं नाही, तिचं खरं हसू. मग तिने माझ्याकडे बोट केलं.

“आजोबा. तीन वार. गेला!” आणि तळव्यावर मूठ आपटली. “सुमनआजी!”

नंतर जलदान झालं. तिने माझ्या हाताखाली हात धरला आणि आम्ही दोघींनी पेल्यात पाणी ओतलं, भरून वाहून जाईपर्यंत. आपण केलेलं पुण्य गेलेल्या माणसापर्यंत असं पोचतं, असं आपण मानतो. तुझ्यापर्यंत पोचलं का, ते मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत पोचलं.

मग ते परत गेले. विमानतळावर आल्माने मला नुसता हात हलवला आणि माझी भीती पुन्हा डोकं वर काढायला लागली. सभेत रडारड सगळेच करतात, दादा. घरी गेल्यावर कोण कोणाला आठवतं? मीही ठरवून टाकलं होतं, आपण होऊन फोन करायचा नाही, पोरीवर ओझं नको. दोन रविवार गेले. मी जिन्यावर बसायची आणि उठायची.

काल फोन वाजला. माझाच, माडीवरचा. आल्मा एकटी होती, प्रज्ञा स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने पहिल्यांदाच मला फोन लावला होता. हर्रास मांडू का, असं मनात आलं, हातही जरा उचलला. मग खाली घेतला. तो हर्रास तुझा होता. माझ्या हाताला तो शोभणार नाही आणि तिला ते लगेच कळेल.

तीही काही पुकारत नव्हती. तिने फोन फिरवला आणि बागेत नेला. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग, त्यात एक काटेरी गोळा. मला आधी साळिंदर वाटलं, पण साळिंदर चांगलं कुत्र्याएवढं असतं, हे माझ्या मुठीत मावलं असतं. “पिनस्वीन,” आल्मा म्हणाली, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मराठीत काय?

मला माहीत नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं, मराठीत, सावकाश, “मला नाही माहीत गं. आपल्याकडे असं मी कधी पाहिलं नाही.” मला वाटलं, आता ती फोन जमिनीवर ठेवणार. मी आकाश पाहायची तयारी केली.

तिने ठेवला नाही. स्वीन म्हणजे डुक्कर, हे तिने नाक वर करून, आवाज काढून मला समजावलं, आणि मान हलवली. हे डुक्कर नाही. मग बोटाने त्याच्या पाठीकडे दाखवलं आणि विचारलं, “हे?” मी म्हटलं, “काटे.” ती ओठातल्या ओठात काहीतरी घोळवत राहिली. आमच्या दोघींच्या मध्ये एवढा समुद्र, एवढी जमीन, आणि ती एक शब्द चघळत बसलेली, मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलेली. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या उत्तराची मी इतकी वाट पाहिली नसेल.

“काटेड्यूर,” ती म्हणाली.

अर्धा शब्द आपला, अर्धा त्यांचा. असा शब्द वहीत दिसला की मी जन्मभर लाल रेघ मारली आहे. मी म्हटलं, “हो. काटेड्यूर.” म्हणाले ते इतक्या आनंदाने, की माझा आवाज तुझ्यावर गेला असावा, कारण तिने घाईघाईने फोन तोंडाजवळ घेतला आणि अगदी हळू, एकेक शब्द निवडून मला सांगितलं,

“आजी, काटेड्यूर झोपलं आहे.”

तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य, दादा. मला सांगितलं तिने.